वीस वर्षं कोरड्या पाटात पाणी सोडलं तेव्हा

मे महिन्यात आमच्या गावाकडे पांझरेच्या बंधाऱ्याखालच्या चारीत उतरलात तर तळाला काळी खपली दिसते. बुटाने उकरली तर पापडासारखी कडकड मोडते, हातात घेतली तर जळक्या कागदासारखी वाटते, आणि कोणालाही विचारलं तर सांगेल की मेलेलं शेवाळ आहे. जूनमध्ये पाणी आलं की दुसऱ्या दिवशी तिथेच लिबलिबीत हिरवटकाळं काहीतरी पसरलेलं असतं आणि त्यावरून पोरं घसरून पडतात. लहानपणी मी पण पडलोय. तेव्हा कोणी विचारलं नाही की एका रात्रीत हे आलं कुठून, आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकवायला लागलो तरी बरीच वर्षं हा प्रश्न मलाही पडला नव्हता हे मान्य करतो.

पडला तो एका अंटार्क्टिकातल्या प्रकरणामुळे. वर्गात एका पोराने विचारलं होतं, सर, बर्फात माती असते का आणि असली तर तिच्यात काही जगतं का. त्याला उत्तर द्यायच्या नादात हे प्रकरण हाती लागलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की ही तर पाटात पाणी सोडायची गोष्ट आहे, म्हणजे आमच्या फडातली, एकाच चारीवर भिजणाऱ्या शेतांतली, रोजची गोष्ट. मग मी ती वर्गाऐवजी आधी नानांना सांगितली. नाना म्हणजे आमच्या गावचे जुने पाटकरी, वय 78, आयुष्यभर कालव्यातून चारीत आणि चारीतून सारंगात, म्हणजे शेतात जाणाऱ्या बारीक पाटात, पाणी फिरवलेला माणूस. त्यांनी मध्ये मध्ये जे प्रश्न टाकले ते माझ्या प्रश्नांपेक्षा बरे होते, म्हणून ते पण लिहितोय.

तर प्रकरण असं. अंटार्क्टिकाचा अगदी थोडा भाग, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, बर्फाखाली नाही. त्यातला सगळ्यात मोठा सलग उघडा पट्टा म्हणजे मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज, नावातच कोरड्या दऱ्या. ट्रान्सअंटार्क्टिक डोंगररांग आतलं बर्फ अडवते, वरून घसरत येणारे कोरडे वारे पडलेला थोडाफार हिम उडवून नेतात नाहीतर वाफ करून टाकतात, वर्षाला जे काही पडतं त्याचं पाणी केलं तर 100 मिलिमीटर पण भरत नाही. आपल्याकडे वर्षाला एवढाच पाऊस पडला तर सरळ दुष्काळ जाहीर होईल. वर्षाचं सरासरी तापमान उणे 20 च्या आसपास, हिवाळ्यात चारेक महिने सूर्यच नाही. 1903 मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमांवर गेलेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटने आणि त्याच्या लोकांनी यातली टेलर व्हॅली पहिल्यांदा बघितली आणि स्कॉटला ती मेलेल्यांची दरी वाटली, कारण एका सीलच्या सांगाड्याशिवाय काही दिसलं नाही, जिवंत तर काहीच नाही. तो माणूस ज्या खपलीवर पाय देऊन गेला असेल तीच जिवंत होती हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं.

उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, हिमनद्या थोड्या वितळतात आणि काही आठवडे बारीक ओहोळ वाहतात. या ओहोळांच्या तळाला निळ्या-हिरव्या जिवाणूंचे, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचे गालिचे असतात. मधल्या वाहत्या पाण्यात नारिंगी, काठाला जिथे ओल असते आणि जाते तिथे काळे. हे काळे म्हणजे नॉस्टॉक, आमच्या चारीतल्या खपलीचा भाऊबंदच समजा. ओहोळ कधी कधी वाट बदलतात आणि जुनं पात्र कोरडं पडतं, त्याला वीस-वीस वर्षं पाणी लागत नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन संशोधक डायेन मॅकनाइट आणि त्यांच्या टीमने टेलर व्हॅलीत असंच एक पात्र धरलं. साधारण दोन दशकं त्यात धड पाणी वाहिलेलं नव्हतं. त्यांनी वरच्या अंगाला आडवा बांध घालून चालू ओहोळाचं पाणी त्या जुन्या पात्रात वळवलं आणि पुढे कित्येक वर्षं काय होतंय ते मोजत बसले. बास, एवढंच केलं. नानांना हे ऐकून हसू आलं, म्हणाले, "हाई तं मनंच काम शे. तेसले त्याना पगार भेटस का?" म्हणजे अहिराणीत, हे तर माझंच काम आहे, त्यांना त्याचा पगार मिळतो का. म्हटलं भेटतो नाना, बराच भेटतो.

मग पहिला प्रश्न, त्यांच्या धंद्यातला. "पानी खालपावत गयं का?" म्हणजे शेवटपर्यंत पोचलं का. मी चाट, कारण निरीक्षणांमध्ये हीच गोष्ट आहे, सुरुवातीला बरंच पाणी पात्राच्या तळात जिरत राहिलं. नाना म्हणाले कोरडी चारी आधी स्वतः पिते मग पुढे देते, त्यात सांगण्यासारखं काय. बरं, मी म्हटलं, आणि जे पाणी वाहिलं ते खारट होतं, वर्षानुवर्षं पात्रात साठलेले क्षार त्यात विरघळले. त्यावर पण तेच. "पहिलं पानी खारंच ऱ्हास भाऊ." तापीकाठच्या खारपड जमिनी ज्यांनी बघितल्यात त्यांना हे वेगळं शिकवायला लागत नाही.

आता जे नाना ओळखू शकले नाहीत ते. पाणी सोडल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पात्रात गालिचे दिसायला लागले, आणि नुसते दिसले नाहीत तर कामाला लागले, प्रकाशसंश्लेषण सुरू. पुढच्या काही वर्षांत ते नेहमी वाहणाऱ्या ओहोळांतल्या गालिच्यांपेक्षा जोरात होते. नव्याने वाहून आलेलं बी असतं तर त्या थंडीत एवढा पसारा व्हायला वर्षं लागली असती. म्हणजे जे होतं ते तिथेच होतं, वीस वर्षं, उणे चाळीसपर्यंत जाणाऱ्या हिवाळ्यांतून, वाळलेलं, वाऱ्याने घासलेलं.

जोरात का होते याचा त्यांनी एक साधा सोपा प्रयोग केला जो मला फार आवडतो. या पात्रातले आणि दुसऱ्या एका ओहोळातले गालिचे घेतले, दोन्हींचं पाणी घेतलं, आणि याचा गालिचा त्याच्या पाण्यात असं अदलाबदल करून बघितलं. नव्याने सुरू केलेल्या पात्राच्या पाण्यात, जिथे क्षार आणि पोषण जास्त होतं, उत्पादन वाढलं. नानांच्या भाषेत पडीत ठेवलेल्या जमिनीचं पहिलं पीक.

इथपर्यंत काय झालं ते. कसं झालं याच्यात मी जास्त अडकलो.

आपण सगळे समजतो की ध्रुवावर जगायचं म्हणजे थंडीशी लढायचं. मी पण पोरांना तेच सांगत होतो, आणि ते अर्धवट आहे. खरा प्रश्न तहानेचा आहे. पेशीभोवतीच्या पाण्याचं आधी बर्फ होतं, बर्फ शुद्ध पाण्याचं होतं, क्षार मागे उरतात, मग उरलेलं घट्ट खारट पाणी पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर बरणीत पाणी सुटतं ना, डिट्टो तेच. म्हणजे पेशीला बाहेर उणे तीस आहे की जळगावचा मे आहे याने फारसा फरक पडत नाही, दोन्हीकडे तिचं पाणीच जातंय. जो जीव वाळायला शिकला तो गोठायला पण निम्माअर्धा आपोआप शिकला. म्हणून नॉस्टॉक वाळवंटातही सापडतं, खान्देशातही आणि अंटार्क्टिकातही.

वाळायला शिकणं म्हणजे नुसतं वाळून पडणं नाही, त्याला तयारी लागते. पहिली गोष्ट डिंक. या जिवाणूंच्या भोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं चिकट आवरण असतं, ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं आणि हळूहळू सोडतं. हा हळूहळू शब्द महत्त्वाचा, कारण त्या वेळात पेशी आत ट्रेहलोज, सुक्रोज असल्या साखरा भरून घेते. पाणी गेलं की या साखरेचे खडे होत नाहीत, ती काचेसारखी घट्ट बसते, चिक्कीचा कडक पाक बसतो तशी, आणि पेशीतली प्रथिनं नि पडदे त्यात शेंगदाण्यासारखे जागच्या जागी अडकतात. हलत नाहीत म्हणून मोडत नाहीत. पाक विरघळला की परत मोकळे. मॉस (ओल्या भिंतीवर मखमलीसारखी वाढणारी बारीक वनस्पती), दगडफूल यांचीही आपापली अशीच काही ना काही तजवीज असते.

दुसरी गोष्ट रंग. ती खपली काळपट का असते? तर त्या डिंकाच्या आवरणात सायटोनेमिन नावाचं पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य असतं, ते अतिनील किरणं गिळतं. गंमत अशी की ते पेशीत नाही तर बाहेरच्या आवरणात आहे, म्हणजे पेशी झोपलेली असताना, काहीही दुरुस्त करू शकत नसताना सुद्धा गॉगल चालूच. अंटार्क्टिकावर वसंतात ओझोनचं भोक पडतं (1985 मध्ये जगाला कळलं ते) तेव्हा हे फार कामाचं. वरून गडद रंग ऊन जास्त शोषतो, उन्हाळ्यात चोवीस तास ऊन, त्यामुळे हवा शून्याच्या आसपास असली तरी खपलीचा पृष्ठभाग त्याहून बऱ्यापैकी उबदार होऊ शकतो.

आणि तिसरी, जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे पत्ता. टेलर व्हॅलीत ओहोळाच्या काठाला काळी खपली आणि थोडं लांब गेलं की उघडी रेती, डोळ्यांना काही दिसत नाही. हे जीव सगळीकडे जगत नाहीत, जिथे वितळलेलं पाणी काही दिवस तरी टिकतं तिथेच जगतात: ओहोळाची कड, साचलेल्या हिमाची कड, दगडाची बूड. दगडाच्या आतसुद्धा, फ्रीडमन आणि ओकाम्पो यांनी 1976 मध्ये याच दऱ्यांतल्या वाळूच्या खडकात पृष्ठभागाखाली राहणारे सायनोबॅक्टेरिया दाखवले. वाळलेले तुकडे वाऱ्याने उडत दरीभर फिरतात, बहुतेक फुकट जातात, एखादा ओलीवर पडतो.

इथे एक शंका मी स्वतःच काढतो. ओहोळाच्या तळाचा गालिचा आणि उघड्या जमिनीवरचं जिवंत कवच, ज्याला सॉइल क्रस्ट म्हणतात, हे एकच का? नाही. जमिनीवरच्या कवचात जिवाणूंबरोबर शैवाल, बुरशी, दगडफूल, मॉस अशी मोठी पंगत असते. ते मातीचे कण धाग्यांनी आणि डिंकाने बांधून ठेवतं, नॉस्टॉकसारखे मेंबर हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे नी-ओलेसुंड गावात 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन आहे, अशी कवचं भरपूर आहेत. तिथे ओल जास्त, मॉस जास्त. पण वाळायची आणि उठायची पद्धत त्याच घरातली, आणि वीस वर्षांचा हिशेब इतका स्वच्छ लागलेलं दुसरं प्रकरण मला माहीत नाही, म्हणून हेच धरलं.

दगडफुलाचं एक सांगून टाकतो कारण ते सोडवत नाही. दगडफूल म्हणजे बुरशी आणि तिच्यात राहणारं शैवाल नाहीतर सायनोबॅक्टेरिया, अशी जोडी. ज्या दगडफुलात हिरवं शैवाल असतं ते नुसत्या दमट हवेवर जागं होऊ शकतं, थेंबभर पाणी लागत नाही. ज्याच्यात सायनोबॅक्टेरिया असतो त्याला मात्र खरंखुरं पाणीच लागतं. 1980 च्या दशकात जर्मनीच्या लांगे आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. ढगाळ, दमट किनाऱ्यावर कोण टिकणार आणि ओहोळाकाठी कोण, हे बऱ्यापैकी इथे ठरतं.

आता घरचा उद्योग. मागच्या मेमध्ये चारीतली खपली आणली, तीन पुड्या केल्या. एक तशीच ठेवली, एक फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटामागे (घरात यावरून जे झालं ते लिहीत नाही, एवढंच की 'अन्नाच्या फ्रीजमध्ये गटारातली माती' हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो), आणि एक चहाच्या जुन्या पातेल्यात दहा मिनिटं रटरटा उकळून परत उन्हात वाळवली. महिन्याने तिन्हींतली थोडी थोडी खपली वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घातली. अर्ध्या तासात तिन्ही फुगल्या. तिन्ही! उकडलेली पण. मी दोन मिनिटं खुर्चीत बसून राहिलो, कारण पोरांना मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो की फुगली म्हणजे जिवंत झाली. फुगतो तो डिंक. डिंकाच्या लाडवाचा डिंक भिजवला तर तो पण फुगतो, त्याला कोणी जिवंत म्हणत नाही.

फरक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडला. वाट्या खिडकीत ठेवल्या होत्या, सकाळचं तिरकं ऊन यायचं. कोरड्या पुडीच्या आणि फ्रीजरच्या पुडीच्या तुकड्यांखाली बारीक बारीक बुडबुडे अडकलेले दिसले, मोहरीहून लहान, तुकडा काडीने हलवला की सुटून वर यायचे आणि ढग आला की नवे व्हायचे नाहीत. उकडलेल्या वाटीत तसं काही नाही, ती पिवळट पडली आणि चौथ्या दिवशी वास मारायला लागली. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, पाणी तापलं तरी बुडबुडे येतात, पण उकडलेली वाटी शेजारी होती म्हणून थोडा भरवसा. टेलर व्हॅलीवाल्यांनी नुसते गालिचे दिसले यावर न थांबता ते काम करतात का हे का मोजलं, ते मला त्या वाट्यांपाशी कळलं.

नानांना वाट्या दाखवल्या तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. "म्हनजे ते मरेल नव्हतं. झोपेल व्हतं." हो. मग त्यांचा सगळ्यात अवघड प्रश्न आला. पाणी येऊन लगेच गेलं तर?

याचं उत्तर मला अंटार्क्टिकात नाही, अमेरिकेच्या कोलोराडो पठारावरच्या वाळवंटात सापडलं. उठणं फुकट नसतं. वाळलेली पेशी भिजली की आधी श्वसन सुरू होतं, मोडलेलं दुरुस्त करावं लागतं, साठवलेली साखर खर्च होते, आणि प्रकाशसंश्लेषणातून कमाई सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात परत वाळली तर खर्च झाला आणि कमाई शून्य. तिथल्या संशोधकांनी जमिनीवरच्या कवचातल्या मॉसवर उन्हाळ्यात वारंवार थोडं थोडं पाणी शिंपडलं, एका वेळी फक्त 1.2 मिलिमीटर, आणि मॉस भराभर मेलं. हे 2012 मध्ये छापून आलं. कोरडं ठेवलं असतं तर जगलं असतं, घोट घोट पाणी देऊन मेलं.

मी वाक्य पुरं करायच्या आत नाना म्हणाले, "दुबार पेरणी." तेच की. रोहिणीत एक सर येते, कापूस लावून मोकळे होतो, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं, बियाणं उगवून जळून जातं. न उगवता पोत्यात राहिलं असतं तर वाचलं असतं. आमच्या इथल्या माणसाला हे समजावून सांगायला ग्राफ लागत नाही.

त्या मानाने टेलर व्हॅलीचं पात्र नशीबवान, बांध घातल्यावर उन्हाळ्यात पाणी येत राहिलं. रात्री गारठलं तरी ऊन चढलं की परत वितळायचं. आणि हिवाळ्यात सगळं एकदम बंद, अर्धवट काही नाही. मला तर वाटतं तिथला पक्का हिवाळा हा त्या खपलीचा शत्रू नाहीच, निवांत झोपच आहे. जिथे हवा उगाच शून्याच्या वर-खाली करत राहते, भिजव-गोठव-भिजव-गोठव, तिथे खरी दमछाक, शिवाय मातीत बर्फाच्या सुया उभ्या राहून कवच वर उचलतात आणि फाडतात ते वेगळंच.

आणि पाय. बूट. एवढं सगळं सोसणारी ती खपली कोरडी असताना पायाखाली चुरा होते, आणि वाढ इतकी हळू की अंटार्क्टिकातल्या मॉसच्या गालिच्यात पावलाचा ठसा कित्येक वर्षं राहतो. म्हणून तिथे काही जागा परवानगीशिवाय पाय ठेवायलाच बंद आहेत, अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठी झालेल्या 1991 च्या माद्रिद करारात ते आलं. अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री स्टेशन ज्या शिर्माकर ओॲसिसमध्ये, म्हणजे बर्फ नसलेल्या उघड्या पट्ट्यात, आहे तिथल्या तळ्यांभोवती आणि ओल्या जमिनीवरही सायनोबॅक्टेरिया आहेत, भारतीय संशोधकांनी ते नोंदवलेत.

किती वर्षं झोपू शकतं याला वरची हद्द काय, तर वीस हा आकडा काहीच नाही. 1941 मध्ये लिपमन नावाच्या माणसाने हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवलेलं 87 वर्षांपूर्वीचं नॉस्टॉक परत वाढवून दाखवलं. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावरच्या कायम गोठलेल्या थरातलं दीड हजार वर्षांपूर्वीचं मॉस 2014 मध्ये परत फुटलं. पण ते एकसारखं गोठलेलं होतं, दरवर्षी उन्हाळा बघितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची आणि आमच्या चारीची तुलना मी करत नाही.

87 चा आकडा ऐकून नानांनी बोटं मोजली. "मना पेक्षा नऊ वरीसनं मोठं," म्हणाले, आणि वाटीतला तुकडा चिमटीत धरून परत चारीत नेऊन टाकला, काठाला, जिथे पाणी आधी येतं आणि शेवटी जातं त्या बाजूला. जागा त्यांनी बरोबर निवडली, न विचारता. एक पुडी अजून मटारच्या मागे आहे. ती वीस वर्षं ठेवायची परवानगी मागितली होती, दिवाळीपर्यंत मिळाली आहे.